लेकीला गेम बनवायला शिकायचंय : गेम डिझाइनची पदवी घ्यावी की कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून वाट काढावी?

गंगाखेडकरीण
नमस्कार मंडळी. लेक यंदा बारावी सायन्स झाली. दोन वर्षं लातूरला ठेवली होती, पॅटर्नपायी. सीईटीला बरे मार्क पडलेत. आम्हाला वाटलं होतं कॉम्प्युटरला नंबर लागंल, नांदेडला नाही तर संभाजीनगरला. आता ती म्हणते, मला गेम डिझाइन शिकायचं. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक आणलंय. चार वर्षांची फी नऊ लाखांच्या घरात जाते, राहणं-खाणं वेगळं. माझं शिलाईचं दुकान आहे, ह्यांची सात एकर सोयाबीन-तूर. जमीन विकायची नाही एवढं ठरलेलं आहे.

पोरगी हट्टी नाही. मन लावून करते ते मी बघते. पण ह्या पदवीत चार वर्षं नेमकं शिकवतात काय, हेच आम्हाला समजंना झालंय. ह्यांचं म्हणणं, गेम खेळायला कॉलेज कशाला लागतं? इथं कुणी ह्या वाटेनं गेलेलं असेल तर सांगा.

येलदरी
ताई, आधी एकच सांगा. तिनं आजवर स्वतः किती गेम बनवलेत?

पैठण_फाटा
येलदरींचा प्रश्न बरोबर आहे, पण ताईंना आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर देतो. मी मूळचा पैठण तालुक्यातला, पुण्यात गेम स्टुडिओत प्रोग्रॅमर आहे, नऊ वर्षं झाली.

गेम बनवणं हे एका माणसाचं काम नसतं. डिझायनर नियम ठरवतो : खेळणाऱ्यानं काय करायचं, कधी अडायचं, कधी जिंकायचं. प्रोग्रॅमर ते चालतं करतो. आर्टिस्ट माणसं, झाडं, घरं घडवतो. आवाजाचं काम वेगळं, तपासणी करणारे टेस्टर वेगळे. चांगल्या पदवीत पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळ्याची तोंडओळख करून देतात. कागदावर खेळ बनवायला लावतात, थोडं चित्र, थोडं प्रोग्रॅमिंग. मग युनिटी किंवा अनरियलसारखं इंजिन, म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर, थ्रीडी, शत्रूनं रस्ता कसा शोधायचा त्याचे अल्गोरिदम. शेवटच्या वर्षी पाच-सहा जणांनी मिळून एक पूर्ण गेम करायचा.

एक उदाहरण देतो, म्हणजे तुमच्या मिस्टरांनाही कळेल यात शिकण्यासारखं काय आहे. गेममधलं पात्र कड्याच्या टोकाशी पळत येतं आणि खेळणारा उडीचं बटण दाबतो. डोळ्यानं कडा बघणं आणि बोटानं बटण दाबणं यात जरासा उशीर होतोच. तेवढ्यात पात्राचा पाय कड्यावरून सुटलेला असतो. प्रोग्रॅम काटेकोर असेल तर तो म्हणतो, जमीन नाही, उडी नाही. पात्र दरीत पडतं, आणि खेळणारा म्हणतो, मी बटण दाबलं होतं! तो खोटं बोलत नसतो. म्हणून आम्ही पाय सुटल्यावरही सुमारे सेकंदाचा दहावा भाग उडीची मुभा देतो. फ्रेम म्हणजे पडद्यावर उमटणारं एक चित्र; सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये ही मुभा सहा फ्रेमची होते. खेळणाऱ्याला हे कधीच कळत नाही, त्याला फक्त गेम हाताला गोड लागतो. ही सहा फ्रेमची माया शिकावी लागते.

पुण्यात काम आहे का? आहे. युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे. २०२० मध्ये आलेला 'राजी' हा गेम पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं केला. पण जागा मोजक्या असतात आणि पदवीच्या कागदाआधी लोक पोर्टफोलिओ बघतात, म्हणजे तुम्ही बनवलेले गेम.

बालाघाट
माझा अनुभव कडू आहे, तरी लिहितो. शहरातल्या एका खासगी संस्थेत मी 'गेमिंग आणि अ‍ॅनिमेशन' असा कोर्स केला. प्रवेश घेताना हमखास नोकरी म्हणाले. दीड वर्षात तीन शिक्षक बदलले. इंजिनची आवृत्ती जुनी, मशीन बारा आणि पोरं तीस. एका मशीनवर तिघं बसायचो, माऊस एकाच्या हातात. शेवटी सगळ्यांना एकच तयार प्रोजेक्ट दिला आणि रंग बदलून आणा म्हणाले. मुलाखतीला गेलो तर समोरच्या माणसानं पहिल्या मिनिटात विचारलं, "यातलं तुम्ही काय केलं?" मला सांगता येईना. वडिलांनी म्हैस विकून पैसे भरले होते.

ताई, कुठंही प्रवेश घ्या, पण आधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांचे गेम मागा, आणि स्वतःच्या हातानं खेळून बघा. दाखवायला का-कू केली तर तिथूनच माघारी फिरा.

येलदरी
@बालाघाट, सध्या काय करता?

बालाघाट
जालन्यात एका कंपनीच्या सॉफ्टवेअरचं काम बघतो. रात्री गोडो इंजिन शिकतोय, ते फुकट आहे. दोन लहान गेम पूर्ण केलेत. वडिलांना दाखवले.

रानवारा
माझं मत वेगळं आहे. मी इंजिनिअरिंग केलं आणि नंतर डिझाइनकडे वळले, तेव्हा दोन्ही बाजू बघितल्यात. इथं सगळे 'पदवीला अर्थ नाही, गेम बनवत राहा' असं म्हणायला लागले की मला पोरींची काळजी वाटते. घरी बसून एकटीनं शिकणं सांगायला सोपं आहे. गंगाखेडच्या घरात बारावी झालेली पोरगी रात्री अकरापर्यंत लॅपटॉपवर 'गेम' करत बसली तर चार दिवसांत नातेवाईक बोलायला लागतात. कॉलेजचं नाव असलं की तेच काम 'अभ्यास' होतं. चार वर्षांचा निवांत वेळ, सोबतची पोरं, आणि तुमचं काम बघून 'हे जमलं नाही' असं तोंडावर सांगणारं माणूस, हे घरी मिळत नाही.

वाटा सांगते. बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड नावाची परीक्षा आहे, आयआयटी मुंबई घेते, जानेवारीत असते, कुठल्याही शाखेची मुलं देऊ शकतात. त्यातून काही आयआयटींमध्ये बी.डेस. करता येतं. पदवीनंतर एम.डेस.साठी सीड ही परीक्षा. आणि एनआयडी म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, तिच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचं एम.डेस. आहे, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी. म्हणजे आधी बी.टेक., मग दोन-अडीच वर्षं खास गेम डिझाइन, ही वाट पक्की आहे आणि सरकारी संस्थेतली आहे.

पैठण_फाटा
@रानवारा, एकटीनं शिकण्याबद्दल म्हणालात ते मान्य. मी मुलगा होतो म्हणून मला कुणी विचारलं नाही, हे खरं आहे.

मांजराकाठ
फीचा मुद्दा कुणी बोललंच नाही. ताई, २०२४-२५ पासून आपल्या राज्यात मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं, ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसायला हवं, आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला नाही, खासगी विद्यापीठाला नाही. म्हणजे पुण्याचे नऊ लाख एका बाजूला आणि कॅपमधून बी.टेक. कॉम्प्युटर जवळपास फुकट दुसऱ्या बाजूला. उरलेल्या पैशात चांगला लॅपटॉप येतो. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं आजच तहसीलला काढायला टाका, कॅप राउंड सुरू झाल्यावर तिथं रांगा लागतात.

गंगाखेडकरीण
@मांजराकाठ, लई उपकार झाले. आम्ही ओबीसीत बसतो. नॉन-क्रीमीलेअर काढलेलं आहे, उत्पन्नाचा दाखला उद्याच टाकते.

@येलदरी, तिला विचारलं. तीन बनवलेत म्हणती, पण पूर्ण एकच.

गणित_वेडा_नांदेड
मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो. मुलं दरवर्षी विचारतात, सर, व्हेक्टरचा पुढं उपयोग काय? परवा माझ्याच एका माजी विद्यार्थ्यानं दाखवलं, तेव्हापासून वर्गात हेच उदाहरण देतो.

गेममध्ये पहारेकरी उभा आहे. खेळणारा मागून दबकत येतोय. पहारेकऱ्याला तो दिसला की नाही, हे कसं ठरवायचं? पहारेकरी ज्या दिशेला बघतोय तो एक एकक सदिश, म्हणजे एक लांबीचा व्हेक्टर. पहारेकऱ्यापासून खेळणाऱ्याकडे जाणारा दुसरा एकक सदिश. दोघांचा अदिश गुणाकार (डॉट प्रॉडक्ट) करा. उत्तर ऋण आलं तर खेळणारा पाठीमागे आहे. ०.५ पेक्षा जास्त आलं तर तो नजरेच्या दोन्ही बाजूंच्या ६० अंशांच्या आत आहे, कारण ६० अंशाचा कोसाइन ०.५. एका ओळीत काम झालं. बारावीच्या पुस्तकातलं प्रकरण आहे हे. पोरीनं बारावीचं गणित मनापासून केलं असेल तर अर्धी लढाई तिथंच जिंकलेली आहे.

येलदरी
सर, हे उदाहरण मला बारावीत मिळालं असतं तर मी व्हेक्टर ऑप्शनला टाकला नसता.

वेरूळकर
थोडं विषयांतर करतो. खेळाची रचना हा विषय आपल्याकडे बाहेरून आलाय असं बोललं जातं, ते मला पटत नाही. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात शिव-पार्वती अक्ष, म्हणजे फाशांचा खेळ, खेळताना कोरलेत. मी गाइडचं काम करतो, लोकांना नेहमी तिथं थांबवतो. दोघांची बसण्याची ढब बघा, डाव रंगात आलाय हे लगेच कळतं. आणि सापशिडीचा पूर्वज तो मोक्षपट, त्याचं नातं परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते. त्यांचं आपेगाव इथंच, पैठणजवळ.

पैठण_फाटा
@वेरूळकर, आपेगाव आमच्याच तालुक्यात, म्हणून बोलायला अवघड जातंय, पण डिझाइनच्या नजरेनं सापशिडीत खेळणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. फासा पडेल तेवढं चालायचं. निर्णय शून्य.

वेरूळकर
तेच तर सांगायचं होतं त्यात! पटावर चांगल्या-वाईट गुणांची नावं असत, सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप. खेळता खेळता ती नावं तोंडी बसायची. निर्णय नाही ही त्या खेळाची उणीव कशी म्हणता? ज्याला जे सांगायचंय तसे त्याचे नियम.

रानवारा
वेरूळकर, तुम्ही आत्ता जे लिहिलंत ते आम्हाला पहिल्या सत्रात शिकवलं. २००४ मध्ये तिघा जणांनी एक चौकट मांडली. आधी नियम, नियमांतून खेळताना घडणारी वागणूक, आणि त्यातून खेळणाऱ्याच्या मनात उठणारी भावना. डिझायनर नियमांकडून सुरुवात करतो, खेळणारा भावनेकडून. मोक्षपट या चौकटीत अगदी चपखल बसतो. निर्णय हवेत तर वाघ-बकरी घ्या. वाघ थोडे आणि बलवान, बकऱ्या पुष्कळ आणि दुबळ्या, दोघांचे नियम वेगळे, तरी डाव बरोबरीचा होतो. असा तोल नव्यानं साधायला महिने जातात.

सोयाबीन_भाव
मी ताईंच्या मिस्टरांच्या बाजूनं लिहितो, कारण मीही बाप आहे. आमच्या गावात दोन पोरांनी मोबाईलच्या रमीत पैसे घालवले. एकानं ट्रॅक्टरचा हप्ता घालवला. 'गेम' म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. ते आम्ही अडाणी आहोत म्हणून नाही.

मांजराकाठ
दादा, भीती रास्त आहे. पण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि साधे करमणुकीचे, शिकवणारे खेळ वेगळे धरलेत, त्यांना उत्तेजन द्यायचं म्हटलंय. ताईंची लेक ज्या वाटेनं जाऊ बघते ती ही दुसरी.

सोयाबीन_भाव
हे माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलं. तरी नोकरीचं काय? बाहेर या धंद्यात माणसं काढली म्हणून ऐकलं.

पैठण_फाटा
काढली, दादा. २०२३ आणि २०२४ ही दोन वर्षं जगभर वाईट गेली, मोठमोठ्या स्टुडिओंनी हजारो लोक कमी केले. माझ्या ओळखीतलेही घरी बसले. म्हणूनच मी कॉम्प्युटरच्या बी.टेक.च्या बाजूनं आहे. गेमचं काम मिळेना तर प्रोग्रॅमिंगवर पोट भरतं. नुसत्या गेम डिझाइनच्या पदवीवर मंदीत अडकायला होतं.

रानवारा
याला माझा विरोध आहे. "पोट भरेल" म्हणून घेतलेल्या बी.टेक.मध्ये चार वर्षं असाइनमेंट, सबमिशन, प्रॅक्टिकलच्या फायली यातच जातात. माझी गेली. डिझाइनची वही तिसऱ्या वर्षी उघडली, तोवर हात आखडला होता. बी.टेक. करायचं तर पहिल्या दिवसापासून गेमचं काम समांतर चालायला हवं, नाहीतर ती आवड मरते. 'आधी डिग्री, मग बघू' असं घरात कुणी म्हणू नका एवढीच विनंती.

बालाघाट
समांतर चालवायला सोपा उपाय म्हणजे गेम जॅम. लुडम डेअर २००२ पासून चाललंय, ग्लोबल गेम जॅम २००९ पासून. एक विषय देतात आणि दोन-तीन दिवसांत गेम बनवायचा. लहानच बनतो, पण पूर्ण होतो. बनवलेला गेम इच डॉट आयओवर फुकट ठेवता येतो. गूगल प्लेवर टाकायला एकदाच २५ डॉलर, स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात दर गेममागे १०० डॉलर. सुरुवातीला इचच बरं.

लॅपटॉप घेताना एक लक्षात ठेवा, ताई. आपल्याकडची लाइट बघता बॅटरी महत्त्वाची. आणि दर तासाला काम गिटवर, म्हणजे कामाच्या प्रती जपून ठेवणाऱ्या सोयीवर, चढवायची सवय लावा. माझं आठ दिवसांचं काम एकदा लाइट गेली तेव्हा डेस्कटॉपसोबत गेलं.

गणित_वेडा_नांदेड
नांदेड-परभणीकरांनी फक्त पुण्याकडेच बघू नये. हैदराबाद आपल्याला जवळ आहे. नांदेडहून थेट रेल्वे आहे. तिथं अ‍ॅनिमेशन आणि गेमचं काम चांगलं चालतं, माझे दोन विद्यार्थी तिथंच लागलेत.

येलदरी
ताई, त्या एका पूर्ण गेमबद्दल काही सांगितलंच नाही तुम्ही. आम्ही सगळे वाट बघतोय.

गंगाखेडकरीण
तीच लिहिते म्हणती. खालचं तिचं आहे.

नमस्कार. मी आईच्या खात्यावरून लिहितेय. गेम वाघ-बकरीचा आहे. आजी अंगणात कोळशानं पट काढायची, तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या. लातूरहून सुट्टीला आले की मी तिच्यासोबत खेळायचे. गोडोमध्ये केलाय. बकऱ्या आपण खेळायच्या, वाघ मोबाईल खेळतो.

पहिल्यांदा मी वाघाला एकच नियम दिला होता : बकरी खाता येत असेल तर खा, नाहीतर कुठंही सरक. मला वाटलं अवघड होईल. आजीनं दोन डाव बघितले आणि तिसऱ्या डावात मुद्दाम एक बकरी कोपऱ्याजवळ मोकळी ठेवली. वाघ आला, बकरी खाल्ली, आणि आजीनं मागून वाट बंद केली. तिन्ही वाघ तिनं असेच एकेक करून कोंडले. म्हणाली, "तुजा वाघ हावरट हाय, खऱ्या वाघाला एवढी भूक नसती." मग मी वाघाला एक चाल पुढचं बघायला शिकवलं. खाल्ल्यावर बाहेर पडायला वाट उरते का ते मोजतो, नसेल तर बकरी सोडून देतो. आता आजी पाचातले दोन डाव हरते आणि तिला ते जास्त आवडतं.

दुसरी अडचण मला कळायला आठवडा गेला. आजीनं बकरीवर बोट ठेवलं की कधी कधी बकरी निवडलीच जात नव्हती. माझ्या हातानं बरोबर चालायचं. शेवटी तिच्या शेजारी बसून नुसतं बोट बघत राहिले. ती बोट टेकवते, दाबून धरते आणि ते जरासं सरकतं. माझा प्रोग्रॅम त्याला ओढणं समजत होता. आता थोडं सरकलं तरी ते टॅपच धरायचं असं केलंय.

राहिलेले दोन गेम अर्धवट आहेत. रानवारा ताई, तुमचं वाचून रडू आलं, कारण मामा परवाच म्हणाले, आधी डिग्री मग बघू. मला दोन्ही करायचंय. कॅपमध्ये कॉम्प्युटर भरते. पुण्याचं माहितीपत्रक कपाटात ठेवलंय.

पैठण_फाटा
शेजारी बसून नुसतं बोट बघत राहिलीस, हे करायला आमच्याकडे पगारी माणसं ठेवतात. लिंक टाक.

रानवारा
कॉम्प्युटर भर, आणि एनआयडीच्या परीक्षेसाठी स्केचबुक याच आठवड्यात सुरू कर. रोज एक पान. आजीचे हात काढ, पट काढ, वाघ कोंडला जातो तो क्षण काढ. चौथ्या वर्षी हीच वही कामाला येईल. मला कधीही विचार.

सोयाबीन_भाव
बाळा, वडील काय म्हणाले?

गंगाखेडकरीण
(आई) काल रात्री जेवण झाल्यावर हे खेळायला बसले. तीन डाव हरले. मग म्हणाले, कोळशाच्या पटावर मी तुझ्या आजीला हरवायचो, ह्याच्यात कायतरी गडबड आहे. साडेअकराला लाइट गेली तरी मोबाईलच्या उजेडात चालूच.

लिंक तिनं इचवर टाकलीय, तिथं 'अंगणातला वाघ' असं शोधा.

येलदरी
खेळलो. झकास झालाय. दोन गोष्टी सांगतो. मोबाईल आडवा केला की 'नवा डाव' बटण अर्धं कापलं जातं. आणि सगळ्या पंधरा बकऱ्या मांडायच्या आधीच वाघ कोंडला गेला तर डाव संपत नाही, अडकून राहतो.

बालाघाट
माझ्याकडेही अडकला. दहाव्या बकरीला.

गंगाखेडकरीण
(लेक) सापडलं. वाघ कोंडलाय का हे मी बकऱ्या मांडून झाल्यावरच तपासत होते. आजी कधी एवढ्या लवकर कोंडत नव्हती म्हणून दिसलं नाही. दुरुस्त करून रात्री टाकते, लाइट राहिली तर. बालाघाट दादा, दहा बकऱ्यांत तुम्ही वाघ कसा कोंडला ते आजी विचारतेय.